कुठली ओळ चुकली, एवढंच सांगा

कळव्याहून येणाऱ्या काकांना "चहा" म्हणता येत नव्हतं. गणपतीची आरती ते पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत म्हणत, एक ते वीस अंक घडाघड मोजत, काकूंवर चिडले की एक शिवीही अगदी स्वच्छ बाहेर पडायची. पण समोर कप धरून "काका, हे काय?" विचारलं की ओठ नुसते हलत, डोळे भरून येत आणि शब्द काही यायचा नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला पॅरॅलिसिसचा झटका आला की पुष्कळदा असं होतं. माणसाला समजत असतं, पण नेमका शब्द हाताला लागत नाही. आम्ही याला अ‍ॅफेझिया म्हणतो, मराठीत वाचाघात.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. ठाण्यात नौपाड्यात, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर माझं क्लिनिक आहे, त्याला सतरा वर्षं झाली. या काकांसाठी आणि त्यांच्यासारख्या तीसेक पेशंटसाठी आम्ही एक अ‍ॅप तयार केलं. ते तयार करणं सोपं गेलं. त्यांच्या फोनपर्यंत पोचवणं मात्र फार जड गेलं, आणि ते कसं झालं तेच इथे लिहिते आहे. हल्ली शिकवणी घेणाऱ्यांपासून डबे देणाऱ्यांपर्यंत पुष्कळांना आपलं अ‍ॅप असावंसं वाटतं. त्यांनी हे आधी वाचलं तर त्यांचे दोन महिने वाचतील.

अ‍ॅपच्या आधी वही होती. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, त्यात मी चित्रं कापून चिकटवलेली. पंखा, मिक्सर, बीपीची गोळी, चप्पल, नातवाचा फोटो. पेशंटने चित्रावर बोट ठेवायचं, घरच्यांनी शब्द म्हणायचा, मग पेशंटने पहिलं अक्षर धरून तो म्हणून पाहायचा. वहीची अडचण अशी की ती घरी राहते आणि माणूस बँकेत जातो, देवळात जातो, दवाखान्यात जातो. फोन मात्र खिशात असतोच. लहान मुलांसाठी मी आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांवरून बोलायचं अ‍ॅप वापरते, फार चांगलं आहे. पण मोठ्या माणसांना त्यांच्याच घरातल्या वस्तू लागतात. ज्या घरात तांब्याभांड्याने पाणी पितात, तिथे काचेच्या जगचं चित्र दाखवून काही उपयोग नाही.

माझा भाचा ऐरोलीला एका कंपनीत आहे. २०२४ च्या पावसाळ्यापासून मी दर रविवारी ठाण्याहून वाशीची गाडी पकडून त्याच्याकडे जायची, तो लॅपटॉप उघडायचा आणि मी शेजारी बसून एकेक शब्द रेकॉर्ड करायची. सगळे आवाज माझेच, कारण पेशंटना माझा आवाज ओळखीचा असतो. दोनशे चाळीस शब्द झाले. घरच्यांना स्वतःचे फोटो टाकता येतील अशी सोय केली. इंटरनेट नसलं तरी चालतं, आणि पेशंटची कसलीही माहिती फोनबाहेर जात नाही, याबद्दल मी अगदी हट्ट धरला होता. साठ शब्द मोफत, पूर्ण संचाचे एकदाच तीनशे रुपये. चित्रं काढणाऱ्या मुलीला पैसे द्यायचे होते, म्हणून ती किंमत. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून घेत नाही. क्लिनिकमध्ये पैसे भरणाऱ्यांना मी सहा अंकी कोड देणार होते, तो टाकला की पूर्ण संच उघडायचा.

मग स्टोअर. मी त्यांना दुकानंच म्हणते, कारण ती दुकानंच आहेत. आम्ही तीन दुकानांत जायचं ठरवलं. गूगल प्ले, कारण आपल्याकडे बहुतेक सगळ्यांचे फोन अँड्रॉइड. अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर, कारण काही पेशंटच्या मुलांनी परदेशातून त्यांना आयफोन पाठवलेले. आणि फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेलं इंडस अ‍ॅपस्टोअर, कारण ते मराठीतून चालतं. गूगलकडे खातं उघडायला एकदाच २५ डॉलर पडतात, अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. ओळखपत्र, पत्ता, फोन, सगळं तपासून घेतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लोकांच्या फोनमध्ये शिरणाऱ्या माणसाचं नाव-गाव कुणाला तरी माहीत असायलाच हवं.

गूगल प्लेवर नवीन वैयक्तिक खात्यासाठी एक नियम आहे. अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस त्याची चाचणी घेतली पाहिजे. आधी हा आकडा २० होता, डिसेंबर २०२४ मध्ये १२ केला. भाचा वैतागला होता, मला मात्र हा नियम मनापासून आवडला. माझ्या आईच्या भिशीतल्या आठ जणी, दोन पेशंटच्या सुना, आमचे केमिस्ट आणि मी. भिशीतल्या एका आजींनी तिसऱ्याच दिवशी सांगितलं, "अगं, तुझी अक्षरं केवढी बारीक आहेत, चष्मा लावूनही दिसत नाहीत." अक्षरं दुप्पट केली. दुसरीने सांगितलं की "दुखतंय" हे बटण तिसऱ्या पानावर आहे, ज्याला दुखतंय तो तिसऱ्या पानापर्यंत कशाला जाईल? ते पहिल्या पानावर आणलं. चौदा दिवसांत अ‍ॅप खरोखर सुधारलं. नियम असावेत की नसावेत असा वाद मी घालत नाही, ते यावरून लक्षात यावं.

अडलं ते पुढे, एका दुकानात. तिन्हींपैकी कुठलं ते लिहीत नाही. मला एका कंपनीशी भांडण मांडायचं नाही, आणि जे झालं ते कुठेही होऊ शकलं असतं.

पाठवल्यावर चार दिवसांनी उत्तर आलं की तुमचं अ‍ॅप आमच्या धोरणात बसत नाही. खाली धोरणाच्या पानाची लिंक. ते पान छापलं तर वीस-बावीस पानं होतील. यातलं आमचं नेमकं काय बसत नाही? तसं विचारायला एक चौकट होती, तीत लिहून पाठवलं. पुन्हा तेच वाक्य, तीच लिंक.

आम्ही अंदाज बांधायला बसलो. भाच्याला वाटलं, वर्णनात "उपचार" हा शब्द आहे, त्यामुळे वैद्यकीय दावा वाटत असेल. तिथे "सराव" केलं. नकार. मला वाटलं, गोळ्यांच्या चित्रामुळे औषधविक्रीचा संशय येत असेल. बीपीची गोळी काढली. ती काढताना मला खरंच वाईट वाटलं, कारण पेशंटला दिवसातून दोनदा लागणारा शब्द आहे तो. पुन्हा नकार. मग आरशातल्या तोंडाच्या हालचाली दाखवणारी चित्रं काढली, कॅमेऱ्याची परवानगी काढली, म्हणजे घरचे फोटो टाकायची सोयच गेली. पुन्हा तेच वाक्य. दर वेळी चार-पाच दिवस वाट पाहायची, दर वेळी अ‍ॅपचा एकेक अवयव कापायचा. अशा वेळी कुणाला फोन करायचा, कुठे जायचं, काहीच नसतं. ठाणे महापालिकेत काम अडलं तर मी निदान जिना चढून टेबलापर्यंत जाते, समोरचा माणूस फाइल उघडतो आणि बोट ठेवून सांगतो, "मॅडम, हा कागद नाही." मग तो कागद आणायला मी कल्याणलासुद्धा जाईन. इथे टेबलच नव्हतं.

शेवटी एका रात्री भाच्याचा फोन आला. "मावशी, सेटिंगच्या पानावर आपण एक ओळ लिहिली आहे. 'क्लिनिकमध्ये फी भरली असल्यास कोड टाका.' ती काढून पाठवतो." ओळ काढली, कोडची चौकट काढली, पूर्ण संचाचे पैसे दुकानाच्याच व्यवस्थेतून भरायची सोय केली. दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅप मंजूर.

बावन्न दिवस गेले होते, या एका ओळीपायी. गोळी आणि कॅमेरा नंतर परत घातले, त्यांना कुणी हरकतसुद्धा घेतली नाही.

या ओळीत काय वावगं होतं, ते मी भाच्याकडून समजून घेतलं. अ‍ॅपच्या आत काही डिजिटल वस्तू विकायची तर दुकानाच्याच बिलिंगमधून विकायची आणि दुकानाला टक्केवारी द्यायची, ही या धंद्याची जुनी चाल. ती ३० टक्के असायची, छोट्या विक्रेत्यांसाठी २०२१ पासून दोन्ही मोठ्या दुकानांनी वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत १५ टक्के केली. म्हणजे माझ्या तीनशेतले पंचेचाळीस. हरकत नाही, दुकान आहे, भाडं लागणार. पण काकू दर मंगळवारी माझ्यासमोर बसतात. माझ्या टेबलावर यूपीआयचा क्यूआर लावलेला आहे, त्यावर तीनशे आले की तीनशेच जमा होतात. यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही, असा जानेवारी २०२० पासूनचा नियम आहे. मी काकूंना तोंडाने सांगू शकते की इथे पैसे भरा, पण माझ्याच अ‍ॅपमध्ये तेच वाक्य लिहू शकत नाही. मी बोलायला शिकवण्याचं काम करते. आपल्याच माणसाला एक साधं, खरं वाक्य सांगायला मनाई असणं मला फार लागलं.

"मावशी, यावर तर आपल्याकडे आदेश झालाय," भाचा म्हणाला, आणि त्याने मला भारतीय स्पर्धा आयोगाचे, म्हणजे बाजारात मोठ्या कंपन्यांची मनमानी रोखणाऱ्या सरकारी आयोगाचे, दोन आदेश पाठवले. मी ते ऐरोलीच्या गाडीत, क्लिनिकमध्ये दोन पेशंटच्या मधे, रात्री जेवणं आटोपल्यावर असे महिनाभर वाचले. भाषा अवघड आहे, पण चिकाटीने वाचलं तर कळते.

दोन्ही आदेश ऑक्टोबर २०२२ मधले, गूगलविरुद्धचे. पहिला २० तारखेचा, अँड्रॉइड फोनवर आपली अ‍ॅप्स आधीच बसवून घेण्याच्या अटींबद्दल, दंड १,३३७.७६ कोटी रुपये. दुसरा २५ तारखेचा, प्ले स्टोअरच्या बिलिंगबद्दल, दंड ९३६.४४ कोटी. दंडाचे आकडे वर्तमानपत्रांत आले होते, ते मला अंधुक आठवत होते. त्यात माझ्याबद्दल काही असेल असं कधी वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या आदेशात आयोगाने स्पष्ट म्हटलं आहे की अ‍ॅप बनवणाऱ्यांना आपल्या ग्राहकांशी बोलायला, आपली अ‍ॅप्स आणि सवलती त्यांना कळवायला बंदी घालता येणार नाही, आणि बाहेरची बिलिंग सेवा वापरण्यापासूनही अडवता येणार नाही. ते वाक्य मी तीनदा वाचलं. दिल्लीत बसलेल्या कुणाला तरी माझी ती एक ओळ आधीच दिसली होती.

पण आदेश झाला म्हणजे काम झालं असं नसतं. त्यानंतर गूगलने भारतात दुसरी बिलिंग सेवा शेजारी ठेवायची मुभा दिली, आणि तशी विक्री झाली तर टक्केवारी ४ ने कमी. पंधराचे अकरा. यूपीआयवर शून्य खर्चात येणाऱ्या पैशावर अकरा टक्के द्यायचे, तर मुभा कसली? अपिलात राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या प्रकरणातला दंड ९३६ कोटींवरून २१६.६९ कोटींवर आणला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पहिल्या प्रकरणात तपासाचा आदेश एप्रिल २०१९ चा, निकाल ऑक्टोबर २०२२ चा, अपिलाचा निकाल मार्च २०२३ चा. त्या प्रकरणातली तक्रार कुणा उद्योगपतीची नव्हती. संशोधन-सहायकाचं काम करणारे दोघे तरुण आणि कायद्याचा एक विद्यार्थी, अशा तिघांनी ती केली होती. त्यांचं मला फार कौतुक वाटतं. पण पेशंटच्या हिशेबाने पाहा. झटक्यानंतरचे पहिले सहा महिने वाचा परत येण्यासाठी सगळ्यात मोलाचे असतात. तिथे चार-चार वर्षांचा न्याय कुठून पुरणार?

मधल्या काळातली आणखी एक गोष्ट. १ मार्च २०२४ ला प्ले स्टोअरवरून भारत मॅट्रिमोनी, नोकरी अशा काही भारतीय कंपन्यांची अ‍ॅप्स काढली गेली. शुल्काचाच वाद होता. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीरपणे हस्तक्षेप केला, चार-पाच दिवसांत अ‍ॅप्स परत आली. बरंच झालं. पण ज्याच्यासाठी मंत्री बोलतील त्याचं अडतं ते पाच दिवस, आणि माझं अडलं ते बावन्न. कायदा हवा तो या फरकासाठी.

आता काकूंकडे येते. हे बावन्न दिवस चालू असताना काकांना थांबवणं मला पटत नव्हतं. म्हणून भाच्याने क्लिनिकच्या वेबसाइटवर अ‍ॅपची फाइल ठेवली, कोडच्या चौकटीसकट. अँड्रॉइडवर अशी थेट बसवता येते. त्या मंगळवारी मी काकूंना म्हटलं, "फोन द्या, आत्ताच घालून देते."

फाइल उतरली. मग पडद्यावर इशारा आला की या ठिकाणाहून आलेली अ‍ॅप्स फोनला धोकादायक ठरू शकतात, परवानगी द्यायची का? काकूंनी फोन माझ्या हातातून हळूच परत घेतला. "नको हो मॅडम," त्या म्हणाल्या, "आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आलंय, एपीके म्हणून काही आलं तर दाबायचं नाही. तळमजल्यावरच्या भावजींना गाडीच्या चलनाचं आलं होतं. त्यांनी दाबलं आणि पेन्शन गेली." फोन त्यांनी पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली.

त्या बरोबर होत्या. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर थेट बसवायची अ‍ॅपची फाइल. असे खोट्या चलनाचे, खोट्या लग्नपत्रिकांचे एपीके व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, मेसेज वाचतात, ओटीपी पळवतात. मी स्वतः पेशंटच्या घरच्यांना १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर लावायला सांगते. आणि आता मीच त्यांना तो इशारा ओलांडा म्हणत होते. मला त्या क्षणी फार अवघडल्यासारखं झालं. फोनच्या पडद्यावर चोराची फाइल आणि माझी फाइल अगदी सारखी दिसत होती. सतरा वर्षांची ओळख होती ती माझ्यात आणि काकूंत, फोनला ती कशी कळणार?

त्या दिवशी मी आग्रह केला नाही. पुढच्या मंगळवारी त्यांचा मुलगा सुट्टी घेऊन आला. त्याला मी कागदावर लिहून दिलं की हे अ‍ॅप कुठून आलं, ते काय मागतं आणि काय मागत नाही. मेसेज वाचायची परवानगी मागत नाही, कॉन्टॅक्ट मागत नाही. परवानगी फक्त या एका वेळेपुरती द्यायची आणि अ‍ॅप बसलं की लगेच परत बंद करायची, तेही त्याच्याकडून करून घेतलं. तेव्हा कुठे काकांच्या फोनमध्ये ते गेलं.

घरी जाऊन मी पहिला आदेश पुन्हा काढला. आयोगाने त्यात दहा निर्देश दिले होते. थेट फाइल बसवायला आडकाठी करू नये, आणि दुसऱ्या दुकानांना प्ले स्टोअरमधून मिळण्याची वाट द्यावी, असे दोन त्यात होते. अपिलात दंड कायम राहिला, पण चार निर्देश रद्द झाले आणि हे दोन्ही त्या चारांत होते. काकूंच्या पर्सची चेन आठवली की त्या चोरांना मोकळं रान मिळू नये, हे मलाही पटतं. पण धोक्याचं नाव पुढे करून एकाच दुकानाची किल्ली कायम ठेवायची, हे पटत नाही. सुरक्षा हवी तर ती ओळख तपासून येते, गल्ला एकाच दुकानाकडे ठेवून येत नाही.

ओळखीचं म्हणाल तर ते येतंच आहे. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की प्रमाणित, म्हणजे गूगलची मान्यता असलेल्या, अँड्रॉइड फोनवर बाहेरून बसवायच्या अ‍ॅपच्या निर्मात्यालाही आपली ओळख नोंदवावी लागेल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतर देशांत. मी माझं नाव आनंदाने नोंदवीन. माझं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत आहेच, त्याशिवाय मला हे काम करताच येत नाही. पण ती परिषद संसदेच्या १९९२ च्या कायद्याने झालेली आहे. माझं नाव काढायचं झालं तर आधी माझं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल, असं त्या कायद्यात लिहिलं आहे. उद्या फोनच्या नोंदवहीतून नाव गेलं तर माझं कोण ऐकणार, हे कुठल्या कायद्यात लिहिलं आहे?

बाहेर काय चाललंय तेही भाच्याने सांगितलं. दक्षिण कोरियाने ऑगस्ट २०२१ मध्येच दुकानाचं बिलिंग सक्तीचं करायला कायद्याने बंदी घातली. युरोपात डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टची बंधनं मार्च २०२४ पासून लागू झाली, आणि बाहेर स्वस्त मिळतं हे ग्राहकांना सांगू न दिल्याबद्दल एप्रिल २०२५ मध्ये अ‍ॅपलला ५० कोटी युरोंचा दंड झाला. म्हणजे माझीच ओळ, फक्त भाषा वेगळी. जपानचा मोबाइल सॉफ्टवेअरचा स्पर्धा कायदा डिसेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू आहे. आपल्याकडेही मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला होता. मोठ्या कंपन्यांनी काय करू नये हे आधीच ठरवून द्यायचं, चूक झाल्यावर वर्षानुवर्षं तपास करत बसायचं नाही, अशी त्यामागची कल्पना. तो कायदा झालेला नाही. मसुद्यावर सूचना मागवल्या तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी काही लिहिलं नाही. आता लिहून ठेवलं आहे, दीड पान, आमच्या खासदारांना आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाला पाठवायला.

त्यात टक्केवारीबद्दल मी शेवटी लिहिलं आहे. पहिली मागणी कारणाची आहे. अ‍ॅप नाकारलं तर कुठल्या पानावरची कुठली ओळ, हे लेखी सांगा. किती दिवसांत सांगणार ते ठरवा. त्यावर दाद मागायला दुकानाबाहेरची एखादी जागा असू द्या, आणि तिथे इंग्रजी न येणाऱ्यालाही मराठीत बोलता येऊ द्या. आणि मी माझ्या पेशंटला काय सांगते त्यात दुकानाने पडू नये. भाचा म्हणतो, टक्केवारीचा मुद्दा पहिला घे, सगळे त्यावरच बोलतात. मला तसं वाटत नाही. तीनशेतले पंचेचाळीस गेले तर मी सोसते, पण ते बावन्न दिवस मला कुणी परत देणार नाही.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. "मॅडम, ते चहाचं चित्र ओळखत नाहीत हे. बोटच ठेवत नाहीत त्यावर." मी म्हटलं, काकांना म्हणावं सावकाश, घाई नाही. "तसं नाही," त्या म्हणाल्या, "तुम्ही कपबशी काढलीय. हे जन्मभर कारखान्यात होते वागळे इस्टेटला, चहा काचेच्या ग्लासातून प्यायले. घरीसुद्धा ग्लासच लागतो." तांब्याभांड्याचं मोठ्या तोऱ्याने सांगणारी मी, आणि कपबशीचं चित्र सगळ्यांना चालेल असं धरून चालले होते. त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन कटिंगच्या ग्लासाचा फोटो काढला, भाच्याला पाठवला. रात्री साडेनऊला त्याने वेबसाइटवर नवी फाइल ठेवली आणि दुकानांकडेही पाठवली.

दहाच्या सुमाराला काकूंनी स्वतःच ती बसवली. इशारा आला तेव्हा मला फोन करून तो शब्दन् शब्द वाचून दाखवला, पत्ता आमच्याच वेबसाइटचा आहे ना ते दोनदा विचारलं, परवानगी दिली, अ‍ॅप उघडलं, परवानगी बंद केली. मागून काकांचा आवाज आला. "च" म्हणाले, थांबले, परत "च" म्हणाले. मग "चा" आला. नुसता "चा", पण कळव्यापासून नौपाड्यापर्यंत ऐकू आला मला.

ज्या दुकानात ती एक ओळ अडली होती, तिथे या नव्या चित्रापुढे आज अकराव्या दिवशीही "तपासणी सुरू आहे" असंच लिहिलेलं आहे.